दस्तऐवज, इलेक्ट्रॉनिक : कायदेशीर अपवाद

संगणकात साठविलेल्या वा विद्युतीय मार्गाने पाठविलेल्या अभिलेखास कागदावरील लेखाची, आणि अंकीय स्वाक्षरीस हाताने केलेल्या सहीची कायदेशीर योग्यता देणारे नियम विसाव्या शतकाच्या अखेरीस अनेक देशांत करण्यात आले. हे नियम करतानाच काही प्रकारचे दस्तऐवज त्यांच्या कक्षेतून मुद्दाम वगळण्यात आले. अशा वगळलेल्या दस्तऐवजांना इलेक्ट्रॉनिक व्यवहारविषयक कायद्याचे अपवाद म्हणतात. भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याच्या कलम १(४) अन्वये हे अपवाद ठरविलेले आहेत. मूळ अधिनियमात त्यांत पराक्राम्य पत्रे, मुखत्यारपत्र, न्यास, इच्छापत्र आणि स्थावर संपत्तीच्या विक्रीचा वा हस्तांतरणाचा करार या पाच प्रकारांचा समावेश होता. या यादीमागील कल्पना संगणकाच्या युगात जन्मलेली नाही. कोणता व्यवहार तोंडी चालावा, कोणता लेखी असावा आणि कोणता साक्षीदारांसमक्ष व अधिकाऱ्यापुढेच व्हावा, हा प्रश्न जुना आहे. महाराष्ट्रात, विशेषतः जुन्या सातारा जिल्ह्यात, त्याला स्वतंत्र इतिहास आहे.

पूर्वपीठिका : मराठा अंमलात जमीन, वतन व हक्क यांविषयीचे निवाडे गोतसभेपुढे होत आणि त्यांचा महजर लिहिला जाई. महजरावर उपस्थितांच्या सह्या वा निशाण्या असत. ज्यांना लिहिता येत नसे त्यांच्यासाठी त्यांच्या व्यवसायाचे चिन्ह काढीत : कुणब्याचा नांगर, न्हाव्याचा आरसा, स्त्रियांची बांगडी इत्यादी. सरकारी पत्रांवर प्रारंभी शिक्का व शेवटी मोर्तब असे. मोर्तबामुळे त्यापुढे मजकूर वाढविण्यास वाव राहत नसे. म्हणजेच लेख कोणाचा आहे, तो पुरा आहे काय आणि त्यात मागाहून फेरफार झाला आहे काय, या तीन शंकांचे निरसन करण्याची सोय लेखाच्या रचनेतच केलेली होती. पुढे अंकीय स्वाक्षरीनेही याच तीन शंकांचे निरसन करावयाचे होते.

ब्रिटिश अंमलात मुंबई इलाख्यात विनियमांद्वारे दस्तनोंदणीस प्रारंभ झाला. नोंदणीविषयक अखिल भारतीय अधिनियम १८६४ मध्ये झाला आणि अनेक बदलांनंतर १९०८ चा नोंदणी अधिनियम अस्तित्वात आला. भारतीय पुरावा अधिनियम (१८७२), पराक्राम्य पत्र अधिनियम (१८८१) तसेच संपत्ती हस्तांतरण, न्यास व मुखत्यारपत्र यांविषयीचे अधिनियम (तिन्ही १८८२) हे सर्व एकाच दशकाच्या आगेमागे झाले. २००० च्या अपवादांची यादी मुख्यतः याच अधिनियमांतून आलेली आहे.

सातारा जिल्हा व कागदाची सक्ती : आष्टा हे गाव आज सांगली जिल्ह्याच्या वाळवे तालुक्यात, सांगलीच्या वायव्येस सु. २० किमी. अंतरावर, सांगली–इस्लामपूर मार्गावर आहे. ब्रिटिश अंमलात वाळवे तालुका सातारा जिल्ह्यात मोडत असे. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे या भागातील जुन्या दस्तऐवजांवर सातारा, दक्षिण सातारा व सांगली अशा तिन्ही जिल्ह्यांची नावे येतात. शेतकऱ्यांच्या दस्तऐवजांसाठी केलेल्या एका विशेष कायद्याच्या कक्षेतही हा भाग येत होता.

मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध उठाव झाला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. उठाव करणाऱ्यांचा रोख सावकारांच्या जिवापेक्षा त्यांच्या दप्तरावर होता. कर्जरोखे, गहाणखते व हुकूमनामे हस्तगत करून जाळणे हा त्यांचा मुख्य हेतू होता. त्याच वर्षी सातारा जिल्ह्यातील कोकरूड (सध्या शिराळा तालुका, सांगली जिल्हा) येथेही अशी एक घटना घडली. चौकशीसाठी नेमलेल्या दख्खन दंगे आयोगापुढे जे चित्र आले त्यात कागद हाच तंट्याचा मुद्दा होता. निरक्षर ऋणकोने काय लिहिले आहे हे न समजता अंगठा वा निशाणी केलेली असे. फेडलेल्या रकमेची पावती त्यास मिळत नसे आणि जुन्या रोख्याच्या जागी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहिला जाई. न्यायालय मात्र लेख पाहून हुकूमनामा देई.

या परिस्थितीवर उपाय म्हणून १८७९ चा सतरावा अधिनियम, म्हणजे दख्खनमधील शेतकऱ्यांना साहाय्य देणारा अधिनियम, संमत झाला. तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू करण्यात आला. त्याने दोन भिन्न दिशांनी पावले टाकली. एकीकडे, ज्या क्षेत्रासाठी ग्रामनिबंधक नेमला असेल तेथील शेतकऱ्याने पैशाच्या देण्याविषयी करून दिलेला लेख ग्रामनिबंधकाने स्वतः वा त्याच्या देखरेखीखाली लिहिलेला व त्याने साक्षांकित केलेला नसेल, तर तो पुराव्यात घेऊ नये असे ठरविण्यात आले. ऋणकोस पावती, वार्षिक हिशेब व खातेपुस्तक मागण्याचा हक्कही देण्यात आला. दुसरीकडे, लेखात काहीही लिहिलेले असले, तरी न्यायालयाने व्यवहाराचा प्रारंभापासूनचा इतिहास तपासून खरे देणे किती ते ठरवावे, अशी तरतूद करण्यात आली. सारांश, औपचारिकता वाढविली गेली, पण तिला अंतिम शब्द मानले गेले नाही.

या अधिनियमाचे महत्त्व प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मोठे आहे. सर्वसाधारण कायद्यानुसार पुरेसा असलेला लेख विशिष्ट वर्गाच्या व्यवहारांत पुरेसा मानू नये, कारण तेथे दुर्बल पक्षाची फसवणूक होण्याचा संभव अधिक असतो, हे तत्त्व त्यात स्पष्टपणे मान्य झाले. इलेक्ट्रॉनिक व्यवहारांच्या अपवादांमागे हेच तत्त्व आहे.

इच्छापत्राच्या बाबतीत याच भागाचा अनुभव उलट आहे. १८७० चा हिंदू इच्छापत्र अधिनियम मुंबई शहरास लागू होता, पण मुंबई इलाख्याच्या मुफसल भागास लागू नव्हता. त्यामुळे आष्ट्यासारख्या गावी १९२६ अखेरपर्यंत हिंदू व्यक्तीने केलेले तोंडी इच्छापत्रही, ते सिद्ध करता आल्यास, वैध ठरू शकत असे. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ यातील तरतुदींमुळे १ जानेवारी १९२७ पासून हिंदूंच्या सर्व इच्छापत्रांना लेखी स्वरूप, सही वा निशाणी आणि किमान दोन साक्षीदारांचे साक्षांकन आवश्यक झाले. मोहिमेवर असलेला सैनिक, वैमानिक व समुद्रावरील खलाशी यांना मात्र तोंडी इच्छापत्राची मुभा राहिली. मुस्लिम व्यक्तींची इच्छापत्रे या औपचारिकतेच्या बाहेर असून त्यांना मुस्लिम विधी लागू होतो.

आंतरराष्ट्रीय नियम : संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय व्यापार विधी आयोगाने १९९६ मध्ये इलेक्ट्रॉनिक व्यापारविषयक आदर्श कायदा तयार केला. केवळ विद्युतीय स्वरूपात आहे एवढ्याच कारणासाठी कोणत्याही माहितीस कायदेशीर परिणाम नाकारू नये, हे त्याचे मूलतत्त्व होय. ‘लेख’, ‘सही’ आणि ‘मूळ प्रत’ यांविषयीच्या प्रत्येक अनुच्छेदाच्या शेवटी त्यात एक रिकामी जागा ठेवलेली होती. तो अनुच्छेद कोणत्या बाबींना लागू नाही, हे प्रत्येक देशाने त्या जागी भरावयाचे होते. अपवादांची यादी अशा रीतीने राष्ट्रीय कायद्यांवर सोपविण्यात आली.

सिंगापूरने १९९८ च्या कायद्यात इच्छापत्र, पराक्राम्य पत्रे, न्यास, मुखत्यारपत्र व स्थावर संपत्तीचे व्यवहार वगळले. भारताची मूळ यादी याच्याशी बरीच जुळते. यूरोपीय संघाच्या २००० च्या निदेशाने सदस्य राष्ट्रांना स्थावर मालमत्तेचे हक्क, न्यायालयाचा वा सार्वजनिक अधिकाऱ्याचा सहभाग आवश्यक असलेले करार, खाजगी व्यक्तीने दिलेली जामीनकी तसेच कुटुंब व वारसा या बाबी वगळण्याची मुभा दिली. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी जून २००० मधील संघीय कायद्यात इच्छापत्रे, दत्तक व घटस्फोटविषयक बाबी आणि न्यायालयाचे आदेश यांबरोबरच आणखी एक गट वगळला. त्यात पाणी, उष्णता वा वीज तोडण्याची सूचना, राहत्या घरावरील गहाणाची जप्ती वा घर खाली करण्याची सूचना, आरोग्य विमा रद्द केल्याची सूचना आणि आरोग्यास धोकादायक मालाच्या परतीची सूचना यांचा समावेश होता. येथे दस्तऐवज करून देणाऱ्यापेक्षा तो ज्याच्या हाती पडावयाचा त्याचे संरक्षण अभिप्रेत होते. संगणकावर पाठविलेली सूचना न पाहिल्यामुळे कोणी घरास मुकू नये, असा या अपवादाचा हेतू होता. भारताच्या यादीत या प्रकारच्या अपवादास स्थान मिळाले नाही.

भारतातील अधिनियम : माहिती तंत्रज्ञान अधिनियम १७ ऑक्टोबर २००० रोजी अंमलात आला. त्याच्या कलम ४ नुसार, कायद्याने लेख आवश्यक असेल तेथे, पुढे पाहता येईल असा इलेक्ट्रॉनिक अभिलेख चालतो. कलम ५ नुसार सहीच्या जागी विहित स्वाक्षरी चालते. अंकीय स्वाक्षरीत अभिलेखाचे गणिती रीतीने एक लहान सारमूल्य काढतात व ते सही करणाऱ्याच्या खाजगी किल्लीने सांकेतिक करतात. अभिलेखात एक अक्षर बदलले, तरी सारमूल्य बदलते. स्वाक्षरी कोणाची हे जोडीच्या सार्वजनिक किल्लीवरून पडताळता येते. ही किल्ली अमुक व्यक्तीची आहे, असे प्रमाणपत्र परवानाधारक प्राधिकारी देतो. २००८ च्या सुधारणेने (अंमल २७ ऑक्टोबर २००९) इतर प्रकारच्या इलेक्ट्रॉनिक स्वाक्षऱ्यांनाही वाव देण्यात आला. केवळ इलेक्ट्रॉनिक साधनांनी झाला म्हणून करार अवैध ठरत नाही, हे कलम १०-अ ने स्पष्ट करण्यात आले. अपवादांची यादी पहिल्या अनुसूचीत हलविण्यात आली आणि अधिसूचनेद्वारे तीत बदल करण्याचा अधिकार केंद्र सरकारास मिळाला. मात्र प्रत्येक अधिसूचना संसदेपुढे ठेवावी लागते. शासनाच्या कोणत्याही खात्याने इलेक्ट्रॉनिक अर्ज वा दस्तऐवज स्वीकारलाच पाहिजे, असा हक्क या अधिनियमाने नागरिकास दिलेला नाही, असे कलम ९ सांगते.

अपवादांची कारणे : पाच प्रकार वगळण्याची कारणे एकच नाहीत. इच्छापत्र अंमलात येते तेव्हा ते करणारा हयात नसतो. त्यामुळे सही त्याचीच काय, ती स्वेच्छेने व शुद्धीत केली काय, हे त्यास विचारता येत नाही. अंकीय स्वाक्षरी ही किल्ली वापरली गेल्याचे सिद्ध करते, पण ती कोणाच्या बोटांनी व कोणत्या परिस्थितीत वापरली गेली हे सांगू शकत नाही. ज्या वृद्धाचा दूरध्वनी व परवलीचा शब्द घरातील दुसऱ्या कोणाच्या हाती असतो, त्याच्या बाबतीत हा फरक निर्णायक ठरतो. दोन साक्षीदारांची गरज याचसाठी आहे.

पराक्राम्य पत्रांचे कारण वेगळे आहे. वचनचिठ्ठी वा हुंडी ज्याच्या कायदेशीर ताब्यात असते, त्यासच पैसे मिळतात. म्हणून मूळ कागद एकच असणे हा तिचा प्राण होय. संगणकीय अभिलेखाची प्रत मात्र मुळाहून वेगळी ओळखता येत नाही. एकाच वेळी एकाच व्यक्तीचे नियंत्रण राखणारी विश्वसनीय पद्धती नसेल, तर एकच वचनचिठ्ठी दोघांना विकली जाण्याचा संभव राहतो. मुखत्यारपत्राने एक व्यक्ती दुसरीस आपल्या नावाने व्यवहार करण्याचा अधिकार देते. त्याचा गैरवापर झाल्यास एका सहीतून अनेक व्यवहार उद्‌भवतात. न्यास पिढ्यान्‌पिढ्या चालतो व त्याचे लाभधारी कित्येकदा अजाण वा अज्ञात असतात.

स्थावर संपत्तीच्या बाबतीत लेखापेक्षा नोंदणी महत्त्वाची असते. शंभर रुपये वा अधिक मूल्याच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत लेखानेच होते. दुय्यम निबंधकापुढे दस्त करून देणाऱ्याने स्वतः वा अधिकृत प्रतिनिधीद्वारा हजर राहून निष्पादन कबूल करावे लागते. २००१ च्या सुधारणेने छायाचित्रे व अंगठ्यांचे ठसे सक्तीचे झाले. इच्छापत्राची नोंदणी ऐच्छिक आहे, परंतु ते मोहोरबंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेव म्हणून देण्याची सोय १९०८ च्या अधिनियमात आहे.

अपवादांचा संकोच : यादीतील बाबी हळूहळू कमी होत गेल्या. धनादेश २००२ च्या दुरुस्तीने अपवादातून बाहेर पडला. सप्टेंबर २०२२ च्या अधिसूचनेने आणखी मोठे बदल केले. रिझर्व्ह बँक, राष्ट्रीय गृहनिर्माण बँक तसेच रोखेबाजार, विमा व निवृत्तिवेतन या क्षेत्रांची नियामक मंडळे यांच्या नियंत्रणाखालील संस्थांच्या नावे दिलेल्या वा त्यांनी पृष्ठांकित केलेल्या मागणी वचनचिठ्ठ्या व विपत्रे अपवादातून वगळण्यात आली. अशा संस्थांना अधिकार देणारी मुखत्यारपत्रेही वगळली गेली आणि स्थावर संपत्तीच्या विक्रीच्या कराराविषयीची नोंद तर समूळ काढून टाकण्यात आली. या बदलांनंतर न्यास व इच्छापत्र हे दोनच प्रकार पूर्णपणे अपवादात राहिले.

या बदलाचा अर्थ नीट समजून घेणे आवश्यक आहे. अपवाद म्हणजे मनाई नव्हे. वगळलेल्या दस्तऐवजास माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचा आधार मिळत नाही, एवढाच त्याचा अर्थ होतो. तसेच अपवाद काढून टाकणे म्हणजे इतर अधिनियमांतील अटी रद्द करणे नव्हे. २०२२ नंतरही खरेदीखताची नोंदणी, मुद्रांक शुल्क व निष्पादनाची कबुली या अटी कायम आहेत. म्हणून केवळ संगणकावर स्वाक्षरी करून शेतजमीन विकता येत नाही. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या भूसंसाधन विभागाने नव्या नोंदणी विधेयकाचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी प्रसिद्ध केला. त्यात दस्तांच्या इलेक्ट्रॉनिक सादरीकरणाची कल्पना मांडलेली आहे. हुंडीसारख्या पत्रांच्या बाबतीत संयुक्त राष्ट्रांच्या त्याच आयोगाने २०१७ मध्ये हस्तांतरणीय इलेक्ट्रॉनिक अभिलेखांचा आदर्श कायदा केला आणि ब्रिटनने २०२३ मध्ये व्यापारी दस्तऐवजांसाठी त्या दिशेने कायदा केला. इच्छापत्रांबाबत इंग्लंड व वेल्समध्ये महामारीच्या काळात दृक्‌श्राव्य साधनांद्वारे साक्षांकनास परवानगी दिलेली होती. ती जानेवारी २०२४ अखेर संपली.

महाराष्ट्रातील व्यवहार : महाराष्ट्रात नोंदणी कार्यालयांचे संगणकीकरण एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी झाले. भाड्याच्या जागांच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारांची नोंदणी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ अन्वये सक्तीची आहे. आधार क्रमांकाशी जोडलेले बोटांचे ठसे व छायाचित्र घेऊन ही नोंदणी कार्यालयात न जाता करण्याची सोय पुढे झाली. २०१८ पासून अंकीय स्वाक्षरीचा सातबारा उतारा संगणकावरून मिळू लागला व त्यावर तलाठ्याच्या सहीची गरज उरली नाही. परिणामी आष्ट्याच्या शेतकऱ्यास स्वतःच्या जमिनीचा उतारा घरबसल्या काढता येतो. ती जमीन विकावयाची तर त्यास नोंदणीच्या सर्व अटी पाळाव्या लागतात आणि ती मुलीच्या नावे इच्छापत्राने ठेवावयाची तर कागद, सही व दोन साक्षीदार यांना पर्याय नाही.

कागद स्वभावतः सुरक्षित असतो, असे मात्र म्हणता येत नाही. अब्दुल करीम तेलगी याच्या बनावट मुद्रांक प्रकरणाने शासकीय मुद्रांक कागदावरील विश्वासाला तडा गेला आणि इलेक्ट्रॉनिक मुद्रांकनाची निकड भासली. इलेक्ट्रॉनिक अभिलेखही आपोआप ग्राह्य होत नाही. जालना मतदारसंघाच्या निवडणुकीतून उद्‌भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये एक महत्त्वाचा निर्णय दिला. मूळ उपकरण न्यायालयापुढे आणलेले नसल्यास इलेक्ट्रॉनिक अभिलेखाच्या प्रतीसोबत पुरावा अधिनियमाच्या कलम ६५-ब खालील प्रमाणपत्र आवश्यक आहे, असे त्यात ठरले. १ जुलै २०२४ पासून त्या अधिनियमाची जागा भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ याने घेतली असून त्याच्या कलम ६३ मध्येही प्रमाणपत्राची तरतूद आहे.

मूल्यमापन : अपवादांना विरोध करणाऱ्यांच्या मते ते तंत्रज्ञानावरील अविश्वासाचे अवशेष असून त्यांमुळे परगावी वा परदेशी असलेल्या व्यक्तींना अकारण हेलपाटे पडतात. समर्थकांच्या मते विलंब, प्रत्यक्ष हजेरी व साक्षीदार ही अडचण नसून संरक्षण आहे. सही करण्यापूर्वी माणसाने थांबून विचार करावा, हेच औपचारिकतेचे प्रयोजन होय. २०२२ च्या बदलांवरून एक गोष्ट लक्षात येते. ज्या सवलती दिल्या गेल्या त्यांपैकी वचनचिठ्ठ्या व मुखत्यारपत्रे यांच्या सवलती नियंत्रित वित्तीय संस्थांच्या नावे होणाऱ्या दस्तऐवजांपुरत्या आहेत. कर्ज घेणारा व कर्ज देणारी संस्था यांच्यामधील लेख आता कागदाविना पुरा होऊ शकतो आणि त्यात करून देणारा पक्ष बहुधा ऋणकोच असतो. १८७९ च्या अधिनियमाने नेमक्या याच लेखाभोवती औपचारिकता वाढविली होती. त्या काळी निरक्षर शेतकऱ्यास मजकूर समजला की नाही, ही शंका होती. दूरध्वनीच्या पडद्यावरील अटी न वाचता संमती देणाऱ्या ऋणकोच्या बाबतीत तीच शंका नव्या स्वरूपात उभी राहते. ग्रामनिबंधकाची पद्धती कालबाह्य झाली असली, तरी दस्त करून देणाऱ्यास तो समजलेला असावा, त्याची प्रत व हिशेब त्याच्या हाती असावा आणि गरज पडल्यास न्यायालयाने लेखामागील व्यवहार तपासावा, ही १८७९ ची तीन सूत्रे इलेक्ट्रॉनिक दस्तऐवजांनाही तितकीच लागू पडतात. अपवादांची यादी किती लांब असावी, यापेक्षा त्यातून बाहेर पडलेल्या दस्तऐवजांत या सूत्रांची सोय कशी करावयाची, हा कायद्यापुढील अधिक महत्त्वाचा प्रश्न आहे.